करवतीचा पाट

इदरीस मिस्त्री आढ्यावरून पडला होता. कोणी चुकून "शिडीवरून पडला" असं म्हटलं की तो भडकायचा. शिडीवरून कोणीही पडतं, आढ्यावर चढायला सुतार लागतो, असं त्याचं म्हणणं. पडला तेव्हा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला आणि बसला तो कायमचाच बसला. मूठ वळत होती, घास तोंडापर्यंत जात होता, पण रंधा पुढे रेटायला खांद्यातून जो जोर लागतो तो गेला. सुताराचा तो जोर गेला म्हणजे काय राहिलं? हत्यारांची पेटी राहिली आणि तोंड राहिलं. तोंड त्याचं आधीपासूनच तिखट होतं.

तेव्हा जव्हारला राजांचं राज्य होतं. दरबारच्या परवानगीशिवाय सागाला कुऱ्हाड लावता येत नसे आणि मोखाड्याकडे जायचं तर बैलगाडी नाहीतर स्वतःचे पाय. इदरीसचं घर बाजाराच्या टोकाला. पुढे ओटीवर कामाची जागा, मागे कुडाच्या आडोशाला पडवी. बायको झरीना, आणि मुलगी मुनिरा, ती लग्न होऊन वाड्याला गेलेली. झरीना व्यापाऱ्याच्या घरातली. तिचा थोरला भाऊ साबीर याचं बाजारात धान्याचं मोठं दुकान होतं.

साबीर माणूस वाईट नव्हता. बहिणीच्या घरी चूल थंडावू नये एवढंच त्याच्या मनात होतं. तो एक दिवस आला आणि म्हणाला, "इदरीसमियां, दिवाळीनंतर नवा भात येईल, नाचणी येईल. मला काट्यावर विश्वासाचा माणूस पाहिजे. बसून काम आहे. डाव्या हाताने वजनं ठेवता येतात."

इदरीस म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू."

"दिवाळीपर्यंत मी थांबतो. नंतर नाही थांबता येणार."

काटा धरणं हे काही हलकं काम नव्हे. पण ज्याने अर्ध्या बाजाराचे दरवाजे बनवले, त्याने त्याच दरवाजांसमोर बसून दिवसभर नाचणी तोलायची, ही कल्पनाच इदरीसला सहन होईना. तो रात्रंदिवस कुढायला लागला. तो कुढायला लागला म्हणजे घरात दुसऱ्या कोणाला सुख नसे.

अशात त्याचा पुतण्या अन्वर एक बातमी घेऊन आला. अन्वर त्याच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःची कामं घेणारा. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याच्या रानात एका ठेकेदाराने साग तोडायला तळ टाकला होता. काम संपलं तसा तो तळ उठवून गेला. जाताना एक विलायती करवत तिथेच टाकून गेला. पायाने चालवायची, खाली जड चाक, वर गोल पातं.

"पायाने?" इदरीसने विचारलं.

"पायाने, चाचा. दोन्ही पायांनी पावड्या हाणायच्या आणि हाताने फक्त लाकूड पुढे सरकवायचं."

पाय शाबूत होते. डावा हात शाबूत होता. इदरीसने दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपायला लावली.

पोशेऱ्याला पोचल्यावर दिसलं की करवत गवतात उभी आहे. चाक गंजलं होतं पण फिरत होतं. पावड्या होत्या, पातं होतं. दात बोथट झालेले, पण दात काय, कानस मारली की येतात. नव्हता तो फक्त वरचा पाट, म्हणजे ज्यावर लाकूड ठेवून सरकवायचं ते लोखंडी टेबल. त्याचे चार बोल्ट मात्र कोणीतरी नीट काढून चाकाच्या आऱ्याला सुतळीने बांधून ठेवले होते. एवढी काळजी घेणारा माणूस पाट फेकून देणार नाही, एवढं इदरीसला कळलं. त्याने पाड्यावर जाऊन विचारायला सुरुवात केली.

तळावर रांधायचं काम पाड्यावरच्या बायकांकडे होतं आणि त्यांची म्होरकी नवशी. तिच्या अंगणात अन्वर आणि इदरीस बसले. पाहुणे आले म्हणून तिने नाचणीची भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. भाकर इदरीसने हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिला. भाकरीच्या पोटावर मधोमध एक सरळ, बोटभर लांब पांढरी रेघ होती. तिथे ती भाजलीच नव्हती.

"बाय, तुझा तवा बघू?"

तवा बघितला. दोन हात लांब, हातभर रुंद, बिडाचा, मध्ये पात्यासाठी चीर. तीन दगडांवर आरामात बसलेला. तळावर तोडीला माणसं फार, भाकरी थापून थापून बायका हैराण व्हायच्या. ठेकेदाराची करवत दात बोथट होऊन पडून होती, मग बायकांनी तिचा पाट काढला आणि चुलीवर ठेवला. एका वेळी सहा भाकरी. तळ उठला तेव्हा नवशीने तो घरी आणला. आता या वागण्याला कोणी अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. लोखंडाचा एवढा मोठा सपाट तुकडा आणि समोर एवढी भुकेली माणसं असताना मीही तेच केलं असतं.

पण सपाट तो आता राहिला नव्हता. मध्ये जाळ, कडेला गारवा, असं इतके दिवस झाल्यावर तो पिळला होता. एक कोपरा वर, समोरचा खाली.

"हा करवतीचा पाट आहे, बाय. मला पाहिजे."

"तो माना तवा हाय," नवशी म्हणाली. "करवत रानात पडली, मेली. तवा जिता हाय."

"तुला दोन नवे तवे देतो."

"दोन तव्यांना दोन चुली लागतात. लाकडा कोन आणील, तू?"

बरंच बोलणं झालं. शेवटी नवशीने इदरीसच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "हात कसा मोडला?" त्याने सांगितलं, आढ्यावरून पडलो. शिडी हा शब्द तिने काढलाच नाही, हे त्याला फार आवडलं असावं. ती म्हणाली, "ने. पन काम नाय झाला तर परत आन. फेकू नको."

करवत ओटीवर उभी राहिली तेव्हा अर्धा बाजार बघायला आला. इदरीसने चाकाचा गंज काढला, पावड्यांना तेल दिलं, डाव्या हाताने दातांवर कानस मारली. हे सगळं त्याने हौसेने केलं. मग पाट बसवला आणि गोष्ट अडली. पाटावर फळी ठेवली की ती डुगडुगायची. पातं फिरायला लागलं की फळी एकीकडे कलायची आणि पातं तिच्यात अडकून बसायचं. वाळूने घासून पाहिलं, कोपऱ्यावर दगड ठेवून पाहिले. बीड काही ऐकेना.

बघणाऱ्यांपैकी प्रत्येकजण तेच सांगायचा. "मिस्त्री, तुम्ही सुतार ना? लाकडाचा पाट करा की!"

यावर इदरीस जे बोलायचा ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं सभ्य एवढंच, की मशीन लोखंडाची असते म्हणून ती मशीन, लाकडाची केली तर तो चौरंग झाला. लोकांना ते पटायचं नाही, पण त्याच्या तोंडाला लागायला कोणी धजत नसे.

खरं कारण वेगळं होतं आणि ते झरीनाला माहीत होतं. लाकडाचा पाट म्हणजे एक रुंद फळी अशी रंधायची की तिच्यावर पट्टी उभी धरली तर खालून कुठे केसभरही उजेड दिसता कामा नये. आणि इदरीसला रंधा मारता येत नव्हता. मोठा रंधा तसा दोघांचाच असतो. मागून मिस्त्री दाबतो आणि रेटतो, पुढे रंध्याला दोरी बांधून हाताखालचा माणूस ओढतो. पण जोर मिस्त्रीचा, दोरीवाला फक्त मदतीला. आता उलटं झालं असतं. सगळा जोर दोरीवाल्याचा आणि मिस्त्री नुसता मागे धरून चाललाय. हे अन्वरसमोर कसं करायचं? ज्याला दोरी ओढायला लावून शिकवलं त्याच्यासमोर?

अन्वरने एकदा फार जपून विचारलं होतं, "चाचा, फळी मी रंधून आणू का?"

"तुझी कामं संपली का सगळी?" एवढंच उत्तर मिळालं. अन्वरने पुन्हा विचारलं नाही. मला या ठिकाणी इदरीसचा रागच येतो. पोराने चांगल्या मनाने विचारलं होतं.

दिवाळी जवळ यायला लागली तसा इदरीस पाट घेऊन सखा लोहाराकडे गेला. सखाने पाट उलटसुलट करून पाहिला. "मिस्त्री, हे बीड आहे. पोलादासारखं वाकत नाही. तापवून दाबलं तर एखाद वेळेस बसेल, नाहीतर फुटेल."

"चुलीवर वाकलं ना? मग भट्टीवर सरळ होईल."

"चुलीने त्याला वर्षभर भाजलं हळूहळू. तुम्हाला घाई आहे."

"आहे घाई. कर तू."

सखाने काळजी घेतली. सगळीकडून कोळसे रचले, भाता सावकाश चालवला, पाट सारखा तापला तेव्हा दगडावर घेऊन वरून लाकडी ओंडक्याने दाबला. वर आलेला कोपरा थोडा खाली बसला. इदरीसच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अजून थोडं," तो म्हणाला. सखाने अजून थोडं दाबलं आणि पाट पात्याच्या चिरेपासून दोन्हीकडे फुटला. फार मोठा आवाजही झाला नाही.

सखा म्हणाला, "माझं चुकलं." इदरीस म्हणाला, "नाही, माझं." मग तुकडे गार होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. त्या माणसाने कोणाचं काही चुकलं असताना स्वतःचं नाव घेतल्याची जव्हारातली ही पहिलीच वेळ असावी.

घरी येऊन त्याने झरीनाला सांगितलं, "साबीरभाईंना निरोप दे. काट्यावर बसतो."

झरीना भाकरी करत होती. तिने हात धुतले आणि म्हणाली, "फळी रंधायची आहे ना? दोरी मी ओढते."

"तू?"

"विहिरीवर रोज काय ओढते मी? दोरीच ना? घागर भरलेली असते."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण बोलावतंय? मागच्या पडवीत करू. कूड आहे." मग तिचा आवाज चढला. "मला काट्यावर बसलेला नवरा बघायचा नाही. तुम्ही तिथे बसलात की रोज संध्याकाळी घरी येऊन माझ्यावर ओरडाल. मला ते नको. मी दोरी ओढीन."

खरं तर इदरीसला बरं वाटलं होतं, पण ते कबूल करण्याइतका तो अजून सुधारला नव्हता. त्याने फक्त विचारलं, "फळी कुठून आणायची? ओल्या लाकडाचा पाट केला तर तोही पिळेल."

फळीचा प्रश्न नवशीने सोडवला. ती बाजाराच्या दिवशी नाचणी विकायला जव्हारला आली आणि तव्याचं काम झालं का बघायला ओटीवर चढली. फुटलेले तुकडे पाहून तिने कपाळावर हात मारला.

"आता तवा बी नाय, करवत बी नाय! शाबास मेस्त्री!"

"माझी चूक झाली, बाय. नवे तवे देतो."

"तुकडे दे माना. एकाच चुलीवर शेजारी ठेवीन. एकावर तीन भाकरी, दुसऱ्यावर तीन. सोपा झाला उलट." मग ती करवतीभोवती एक फेरी मारून आली. "हिला काय पाहिजे? सरळ फळी?"

"जुनी, सुकलेली. जी आता कधी हलणार नाही अशी."

नवशी म्हणाली, तिच्या घरात चुलीच्या वर धान्याचा माळा आहे. त्या माळ्याला खाली शिवणीच्या लाकडाची एक जाड फळी आहे, तिच्या सासऱ्याने टाकलेली. खालून धूर, वरून कणगीचं वजन, इतकी वर्षं. "ती आता वाकायची नाय. वाकायची होती तेव्हा वाकून झाली," ती म्हणाली. माळ्याला दुसरं लाकूड घालायचं आणि ही फळी न्यायची.

फळी आली ती डांबरासारखी काळी आणि दगडासारखी जड. इदरीसने तिच्यावर डावा हात फिरवला. मग आपल्या नेहमीच्या पद्धतीने दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि एका टोकाला वाकून नजर लावली. दोन्ही पट्ट्या एका रेषेत दिसल्या तर पीळ नाही. पीळ होता, थोडासाच. रंध्याने निघण्यासारखा.

मागच्या पडवीत काम सुरू झालं. पहिला दिवस भांडणात गेला. झरीना हिसका देऊन ओढायची आणि रंधा उडी मारायचा. इदरीस ओरडायचा, "विहीर नाही ही!" ती म्हणायची, "मग तुम्ही घागरीसारखे जड कशाला होता? सोडा की जरा!" दोघांचंही बरोबर होतं. तो दाबत होता फार, कारण जुन्या सवयीने उजव्या खांद्याने रेटायला जायचा आणि दुखलं की डाव्या हाताने सगळा भार टाकायचा. मग हळूहळू त्याने रेटायचं सोडून दिलं. डावा हात रंध्याच्या मुठीवर, छाती हाताला टेकलेली, उजवा हात नुसता बाजूला, दिशा सांभाळायला. जोर सगळा दोरीतून येऊ दिला. ती मागे सरकत ओढायची, तो पुढे चालत यायचा. रंधा किती खोल घ्यायचा, कुठे उचलायचा, कोणता कोपरा अजून एकदा, हे सगळं त्याच्या हाताला ठाऊक होतं आणि ते खांद्याबरोबर मोडलं नव्हतं. हे त्याला त्या पडवीतच कळलं.

काळा थर निघून खालून फिकट पिवळं लाकूड वर आलं. सोललेल्या लाकडाचा आणि जुन्या धुराचा वास घरभर पसरला. झरीनाच्या तळहातांना फोड आले, फुटले, कडक झाले. शेजारणींना ती सांगायची, विहिरीची दोरी नवी आहे म्हणून. शेजारणींना विहिरीची दोरी माहीत होती, पण त्या काही बोलल्या नाहीत.

पाट झाला. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, मध्ये चीर पाडली, चार बोल्ट बसवले. दिवाळी दोन दिवसांवर होती.

साबीर ठरल्याप्रमाणे आला. त्याच वेळी करवत चालणार असं ऐकून अन्वरही आला होता. इदरीस पावड्यांवर पाय देऊन बसला. चाक फिरायला लागलं, पातं गुणगुणायला लागलं. त्याने डाव्या हाताने एक सागाची फळी पाटावरून सरकवली आणि ती न डुगडुगता, न अडकता, दोन भाग होऊन पलीकडे पडली.

"वा!" अन्वर म्हणाला. त्याने पट्टी काढली आणि पाटावर उभी धरून वाकला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. पट्टीखालून कुठेच उजेड येत नव्हता. त्याने काही न विचारता पट्टी खिशात ठेवली.

साबीरने मात्र फाडलेली फळी उचलली. तो धान्याचा व्यापारी, वस्तू हातात घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. करवतीच्या दातांनी कडा खरखरीत झाल्या होत्या. "चालते खरी," तो म्हणाला. "पण इदरीसमियां, राग मानू नका. हे असं लाकूड कोण घेईल? दरवाजाला गुळगुळीत फळी लागते. मशीन फाडते. रंधणार कोण?"

तो अगदी बरोबर बोलला होता. मिस्त्रीच्या खांद्याला बरं वाटावं म्हणून कोणी दरवाजा विकत घेत नाही. अन्वर पुढे झाला, "मी रंधून देत जाईन, मामू, मी..." आणि गप्प बसला, कारण चाचाने त्याच्याकडे पाहिलं होतं. त्या नजरेत या वेळी राग नव्हता म्हणूनच तो गप्प बसला.

इदरीस पावड्यांवरून उतरला. ओटीवर मोठा दरवाजा उघडा, समोर बाजार, दिवाळीच्या खरेदीची गर्दी. तो घरात तोंड करून मोठ्याने म्हणाला, "झरीना, रंधा घेऊन ये. दोरीसकट."

कुडाच्या मागे ओढणं वेगळं आणि ओटीवर, भावासमोर, बाजारासमोर ओढणं वेगळं. तरी ती आली. पदर खोचलेला, एका हातात रंधा, दुसऱ्यात दोरी. तिने भावाकडे पाहिलं नाही. त्याच्या हातातली खरखरीत फळी घेऊन कामाच्या बाकावर ठेवली, अडकवली, दोरी दोन्ही हातांत गुंडाळली आणि फळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"ओढ," इदरीस म्हणाला.

रंधा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेला. लाकडाची एक लांब, अखंड, पातळ साल वर आली, गोल फिरली आणि खाली पडली. बाजारातले दोघे-तिघे थांबून बघत होते. बघू देत, असं इदरीसला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचंच त्याला नवल वाटलं.

साबीर फळीकडे बघत नव्हता. तो बहिणीच्या तळहातांकडे बघत होता. "झरीना, हे हात काय केलेस?"

"कामाला लावले, भाईजान."

"अगं, पण मी काट्यावर यांची जागा ठेवली आहे."

झरीनाने दोरी पुन्हा ताणून धरली. "दुसरा माणूस बघा. हे माझ्याकडे कामाला आहेत."

इदरीस हसला, आढ्यावरून पडल्यापासून पहिल्यांदा पोटातून हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने ते सर्वांसमोर बाहीने पुसले. मग रंधा पुन्हा फळीच्या टोकाशी आणून ठेवला.

"चल, मालकीणबाई," तो म्हणाला. "ओढ."